दहाचा तिसरा चौरस

२१ एप्रिल २०२० रोजी विजयवाड्याला प्रा. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे वारले. वय वर्षे १०२. टाळेबंदीचे दिवस होते, दारात वर्तमानपत्र येत नव्हते. मोबाइलवर जे लेख वाचायला मिळाले, त्यांतल्या बहुतेकांचा गाभा एकच होता : ऑयलरला खोटे ठरवणारा भारतीय गणिती गेला. मराठीत त्याला ‘आपला’ हे आणखी एक विशेषण लागले. सागरला जन्म, नागपूरला शिक्षण, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख. तेव्हा ‘आपला’ म्हणायला कुणाची हरकत असायचे कारण नाही. लेखांत चूक अशी काही नव्हती. तरी ते वाचून मी अस्वस्थ झालो. एखाद्या कादंबरीवरच्या दहा लेखांत फक्त तिसऱ्या प्रकरणाचीच स्तुती असावी आणि पुढची प्रकरणे कुणी उघडलेलीच नसावीत, तसे काहीसे वाटले.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगतो. मी गणिताचा पदवीधर नाही. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटले आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडे हिशेबनीस म्हणून लागलो. खतावणीची उभी बेरीज आणि आडवी बेरीज जुळेपर्यंत घरी जायचे नाही, हे तिथले शिक्षण. पुढचे गणित मी नगर वाचनालयातली आणि रद्दीतली पुस्तके वाचून शिकलो, त्यामुळे त्यात भोके पुष्कळ. पण आडव्या-उभ्याची जी खोड लागली, तीच मला लॅटिन चौरसांपाशी घेऊन आली असावी.

दिवाळीत घरोघरी पत्त्यांचा कॅट बाहेर निघतोच. त्यातून चारही रंगांचे एक्का, राजा, राणी, गुलाम काढा. ही सोळा पाने चार ओळींत चार-चार अशी मांडायची. अट अशी की कुठल्याही आडव्या ओळीत आणि कुठल्याही उभ्या ओळीत चारही रंग यावेत आणि चारही चित्रे यावीत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपात छापले जाणारे हे कोडे आहे. एक उत्तर देतो, पाने हातात घेऊनच वाचावे. पहिली ओळ : इस्पिक एक्का, बदाम राजा, चौकट राणी, किलवर गुलाम. दुसरी : चौकट राजा, किलवर एक्का, इस्पिक गुलाम, बदाम राणी. तिसरी : किलवर राणी, चौकट गुलाम, बदाम एक्का, इस्पिक राजा. चौथी : बदाम गुलाम, इस्पिक राणी, किलवर राजा, चौकट एक्का.

नुसती चित्रे पाहिली तर तो एक लॅटिन चौरस : प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच. नुसते रंग पाहिले तर तो दुसरा. दोन्ही एकमेकांवर ठेवले की सोळाच्या सोळा जोड्या वेगळ्या. कॅटमध्ये बदामचा राजा एकच असतो, त्यामुळे हे आपोआप घडते. अशा दोन चौरसांना गणितात परस्परलंब म्हणतात. मी वहीत ‘जोडीदार’ लिहितो, या लेखातही तेच लिहीन.

लिओनार्ड ऑयलर यांनी १७७९ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत वाचलेल्या आणि १७८२ साली छापून आलेल्या निबंधात चाराऐवजी सहा घेतले. सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा वेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी, एकूण छत्तीस. त्यांना सहा बाय सहाच्या चौरसात याच अटीवर उभे करायचे. ऑयलर तेव्हा सत्तरी ओलांडलेले आणि जवळपास अंध होते. विषम संख्यांसाठी आणि चाराने भाग जाणाऱ्या संख्यांसाठी जोडीदार कसे बनवायचे ते त्यांनी दाखवले. उरल्या २, ६, १०, १४, १८ अशा संख्या. दोनाचे अशक्य आहे हे लहान मूलही सांगेल. सहाचे त्यांना जमले नाही, आणि त्यांनी अटकळ मांडली की या रांगेतल्या कुठल्याच संख्येला जमणार नाही.

‘ऑयलर चुकले’ हे वाक्य इथे थोडे सैल पडते. सहाच्या बाबतीत ते बरोबरच होते. ते १९०० च्या सुमारास गास्तों तारी यांनी दाखवले. तारी विद्यापीठातले नव्हते, अल्जीरियातल्या फ्रेंच सरकारी कचेरीत नोकरी करणारे हौशी गणिती होते. सहाचे लॅटिन चौरस एकूण ८१,२८,५१,२०० आहेत. पहिली ओळ आणि पहिला स्तंभ क्रमाने लावून घेतला तर ९,४०८ उरतात. ते सगळे तारींनी सतरा जातींत बसवले आणि प्रत्येक जात हाताने तपासून ‘नाही’ असे लिहिले. मी हिशेबनीस आहे, म्हणून या कामाचा वास मला येतो. रात्री कंदिलाखाली बसून कीर्द लिहिणाऱ्या माणसाचे ते काम आहे.

दहाचे मात्र कुणालाच तपासता येईना. दहाचे लॅटिन चौरस, पहिली ओळ आणि स्तंभ लावून घेतल्यावरसुद्धा, पंचवीस आकडी संख्येइतके भरतात. एकोणीसशे पन्नासच्या दशकाअखेर कॅलिफोर्नियातल्या स्वॅक नावाच्या संगणकावर शंभराहून जास्त तास शोध झाला आणि हाती काही लागले नाही. मधल्या काळात अटकळीच्या तीन-तीन ‘सिद्धता’ छापल्या गेल्या होत्या आणि तिन्ही सदोष निघाल्या होत्या. मग १९५९ साली अर्नेस्ट पार्कर यांनी एकविसाच्या चौरसांबाबत एक जुनी समजूत मोडली. त्यावरून नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात असलेल्या राजचंद्र बोस आणि श्रीखंडे यांनी बावीसची जोडी रचली. त्यावरून पार्कर यांनी दहाची. आणि मग तिघांनी मिळून सिद्ध केले की दोन आणि सहा सोडून ऑयलरची सगळी रांगच चुकीची आहे. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर घेतली. नोव्हेंबरच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर दहाचा तो दुहेरी चौरस रंगांत रंगवलेला होता. साहित्याच्या वाचकांना आणखी एक सांगण्यासारखे : जॉर्ज पेरेक यांची १९७८ ची फ्रेंच कादंबरी ‘ला व्ही मोद दांप्ल्वा’ याच चौरसावर उभी आहे. पॅरिसमधली एक इमारत दहा बाय दहाच्या पटासारखी धरली आहे. कुठल्या खोलीत काय काय यावे हे दहाच्या जोडीदार चौरसांवरून ठरले आणि खोल्यांचा क्रम घोड्याच्या चालीवरून. खोल्या शंभर, प्रकरणे मात्र नव्व्याण्णव. पेरेकनी एक खोली मुद्दाम गाळली.

पार्करचा दहाचा चौरस मी पहिल्यांदा उतरवून काढला तेव्हा मला जे वाटले ते असे : हे मला तपासता येते. सात अधिक तीन अशी त्याची घडण आहे. कोपऱ्यात तीन बाय तीनचा एक छोटा जोडचौरस, बाकीचा भाग सातांच्या फिरत्या चक्राने भरलेला. घडण समजली नाही तरी बिघडत नाही. ०० पासून ९९ पर्यंत आकडे कागदावर लिहायचे आणि चौरसातली एकेक जोडी वाचत खूण करत जायचे. शंभर खुणा, दुबार एकही नाही, संपले. ऑयलर यांची पावणेदोनशे वर्षांची अटकळ पाव तासात, डाळीच्या पोत्यावर बसून, खोटी ठरते. बोस कोण, पार्कर कोण, कुठले विद्यापीठ, यांतले काही ठाऊक असण्याची गरज पडत नाही. १९५९ च्या उत्तराचे मोठेपण मला यात दिसते. ऑयलर हरले यात फारसे नाही. मृत्युलेखांत नेमके हेच कुठे नव्हते. त्यांत कुस्तीचा निकाल होता, डाव कुठला टाकला ते नव्हते.

डाव पाहायचा तर श्रीखंडे यांच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निबंधाकडे जावे लागते. तो ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स’मध्ये आला. त्यावर कुणी मुखपृष्ठ रंगवले नाही.

सोळा खोल्यांची एक चाळ घ्या. चार मजले, मजल्यावर चार खोल्या. एका मजल्यावरच्या खोल्या एकमेकींच्या शेजारी, आणि वर-खाली एका रेषेतल्याही शेजारी. मग प्रत्येक खोलीला सहा शेजारी झाले : तीन मजल्यावरचे, तीन रेषेतले. कुठल्याही दोन खोल्या घ्या, शेजारच्या असोत वा नसोत, त्यांना सामाईक शेजारी बरोबर दोन. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा एवढ्याच सामानावर चालणाऱ्या गणिताला ग्राफ थिअरी म्हणतात. आपली चाळ हा असा एक ग्राफ झाला. श्रीखंडे यांनी विचारले : समजा मला चाळ दिसत नाही, फक्त ही मोजदाद कळवली आहे. सोळा बिंदू, प्रत्येकाला सहा शेजारी, कुठल्याही दोघांत सामाईक दोन. मग ती आपली चाळच असेल का? आणि मजले चाराऐवजी कितीही असले तर?

त्यांचे उत्तर : मजले कितीही असू देत, मोजदाद जुळली की रचना चाळीचीच. अपवाद फक्त चार. चारच्या बाबतीत, आणि फक्त चारच्या, तीच मोजदाद असलेली दुसरी एक रचना निघते. चाळीत तुमचे सहा शेजारी तीन-तीनच्या दोन कंपूंत विभागलेले असतात. या दुसऱ्या रचनेत ते सहा जण गोल बसलेले असतात, प्रत्येकाची ओळख फक्त डाव्या-उजव्याशी. बाहेरून मोजणाऱ्याला फरक कळत नाही. आत राहणाऱ्याला पहिल्या दिवशी कळतो. हिला जगभर ‘श्रीखंडे ग्राफ’ म्हणतात. प्रमेय सगळ्या संख्यांविषयी आणि नाव मिळाले अपवादाला, याची मला नेहमी गंमत वाटते.

पण हा अपवाद कुठून आला? ते मला पुष्कळ वर्षांनी, वही नंबर अकरात, आपोआप दिसले. ज्यांचा हा धंदा आहे त्यांना ते आधीपासून ठाऊक होते हे नंतर कळले. तरी त्या संध्याकाळचा आनंद काही मी परत करणार नाही. चारचा साधा फिरता चौरस घ्या : ०१२३, १२३०, २३०१, ३०१२. आता ज्या दोन घरांची ओळ वेगळी, स्तंभ वेगळा आणि आकडाही वेगळा, त्यांना रेषेने जोडा. प्रत्येक घराला बरोबर सहा शेजारी मिळतात, आणि उभा राहतो तो श्रीखंडे ग्राफ. याच रीतीने वर पत्त्यांत मांडलेला चित्रांचा चौरस घेतला, तर चाळ मिळते. मोजदाद तीच, घर वेगळे. का? कारण चित्रांच्या चौरसाला जोडीदार आहे आणि फिरत्या चौरसाला नाही. जोडीदारातले एक चिन्ह ज्या चार घरांत बसते, ती चार घरे पहिल्या चौरसात परस्परांशी ओळ, स्तंभ, आकडा काहीच वाटून घेत नाहीत. म्हणजे आपल्या ग्राफात ती चौघे एकमेकांचे शेजारी. चाळीत असे चौघे सापडतात, एक मजला म्हणजे चौघेच. श्रीखंडे ग्राफात असे चौघे नाहीतच.

फिरत्या चौरसात ते का सापडत नाहीत, हे चार ओळींत सांगता येते. ओळींना आणि स्तंभांना ०, १, २, ३ असे क्रमांक द्या. घरातला आकडा म्हणजे ओळ अधिक स्तंभ, बेरीज चार किंवा जास्त झाली तर त्यातून चार वजा. आता चार घरे अशी निवडा की ओळी वेगळ्या, स्तंभ वेगळे, आकडे वेगळे. ओळींची बेरीज ६, स्तंभांची ६, मिळून १२. आकड्यांची बेरीज यातून चार कितीदा तरी वजा करून यायला हवी, म्हणजे १२, ८, ४ किंवा ०. पण आकडेही ०, १, २, ३ च आहेत, त्यांची बेरीज ६. जुळत नाही. ताळेबंदात चार रुपयांच्या पटीतच फरक पडू शकतो, आणि आपल्याला सहा हवेत. म्हणून नाही. कुठल्याही सम संख्येच्या फिरत्या चौरसाला हाच युक्तिवाद लागू पडतो. ‘नाही’ असे म्हणायचे तर ते असे म्हणावे.

श्रीखंडे यांनी १९६१ मध्ये या प्रमेयातून पुढचे पाऊल टाकले. दहाचे सात चौरस असे मिळाले की सातही एकमेकांचे जोडीदार आहेत, असे समजा. आता ज्या दोन घरांत ओळ, स्तंभ आणि सातही चौरसांतले आकडे वेगवेगळे आहेत, ती जोडा. शंभर घरे. प्रत्येक घराची ओळीतली नऊ, स्तंभातली नऊ आणि सात चौरसांतली नऊ-नऊ घरे वगळली की नव्व्याण्णवांतून अठरा शेजारी उरतात. सामाईक शेजाऱ्यांचीही मोजदाद करून पाहिली तर ती दहा मजल्यांच्या चाळीची निघते. आणि दहा काही चार नव्हे. मोजदाद चाळीची, तर रचना चाळीचीच. मग तिचे मजले म्हणजे आठवा चौरस आणि तिच्या उभ्या रेषा म्हणजे नववा. सात मिळाले की नऊ फुकट. संख्या कुठलीही असो, तिच्यापेक्षा तीनने कमी जोडीदार हाती आले की उरलेले दोन आपसूक येतात, फक्त चार सोडून. आणि चारमधून तीन गेले की उरतो एक : तोच आपला फिरता चौरस, ज्याला जोडीदारच नाही.

माझ्या मते श्रीखंडे यांच्या कामाचा कणा हा आहे. ऑयलरची बातमी हे त्याचे फळ नव्हे. ते शेजारच्या झाडाचे फळ. बातमीने एक प्रश्न बंद केला. या निबंधांनी जो प्रश्न उघडा आहे त्याच्या कडा आखल्या. तो प्रश्न पाचवीतल्या पोरालाही समजेल असा आहे : दहाचे तीन चौरस असे आहेत का, की तिन्ही एकमेकांचे जोडीदार आहेत? तीनाचे दोन असतात, चाराचे तीन, पाचाचे चार, साताचे सहा, आठाचे सात, नवाचे आठ. दहाचे दोन आहेत हे १९५९ पासून माहीत आहे. तीन आहेत की नाहीत, हे आज कुणालाही माहीत नाही.

वरची कड मात्र आखलेली आहे. दहाचे नऊ चौरस असणे आणि ‘दहाची प्रक्षेपीय प्रतल’ नावाची १११ बिंदूंची एक भूमिती असणे एकच, हे बोस यांनी १९३८ मधल्या कामात दाखवले होते. अशी प्रतल नाही, असे माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या क्लेमेंट लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये जाहीर केले. प्रतल नाही म्हणून नऊ नाहीत. नऊ नाहीत म्हणून, श्रीखंडे यांच्या प्रमेयाने, आठ नाहीत आणि सातही नाहीत. उरतात तीन, चार, पाच, सहा. सातच्या नकारातला अर्धा भाग कागदावर वाचता येतो. उरलेला अर्धा क्रे या महासंगणकाने सुमारे दोन हजार तास चालून दिलेला आहे, आणि तो वाचता येत नाही.

लॅम प्रामाणिक माणूस. त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की जुन्या अर्थाने ही सिद्धता मानू नये. इतके तास चालणाऱ्या यंत्रात नकळत एखाददुसरी चूक घडलेली असणे शक्य आहे. पुढे २०२१ मध्ये ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या पद्धतीने सगळे पुन्हा केले. उत्तर तेच आले, पण आधीच्या दोन्ही शोधांत विसंगती सापडल्या. या वेळचा पुरावा दुसऱ्या यंत्राला तपासता येईल असा लिहिलेला आहे, आणि त्याचा आकार शंभर टेराबाइटहून मोठा आहे. उत्तर बरोबर आहे याबद्दल मला शंका नाही. पण तारी यांचा नकार आणि हा नकार एकाच शब्दाने ओळखावेत का, याबद्दल आहे. तारींची कीर्द मी मनात आणले तर सहा महिन्यांत पुन्हा लिहू शकतो. शंभर टेराबाइट मी कुणावर तरी विश्वास ठेवून मान्य करायचे आहेत.

हे मी का उगाळतो? त्याचे कारण खासगी आहे. १९९० नंतरची आठेक वर्षे मी दहाचा तिसरा चौरस शोधत होतो. पार्करच्या सात-अधिक-तीन घडणीवरच माझा भर होता, कारण चक्र फिरते म्हटल्यावर शंभराऐवजी वीसच घरांचा विचार करावा लागतो आणि हाताने काम होते. १९९८ च्या पावसाळ्यात मला वाटले की सापडला. चार दिवस जेवण गेले नाही. शेजारच्या शहरातल्या एका महाविद्यालयात गेलो. तिथे एकाने आधी शिक्षण विचारले आणि मग वेळ नाही म्हणून सांगितले. दुसऱ्या एका प्राध्यापकांनी काहीच विचारले नाही. त्यांनी ०० ते ९९ चा तक्ता काढला आणि म्हणाले, “वाचा.” मी जोड्या वाचत गेलो, ते खुणा करत गेले. पहिला आणि दुसरा, शंभर. पहिला आणि तिसरा, शंभर. दुसरा आणि तिसरा वाचताना पाचव्या ओळीत ‘सत्तेचाळीस’ म्हणालो आणि त्यांचे पेन थांबले. सत्तेचाळीसवर आधीच खूण होती. घरी मी दुसऱ्या-तिसऱ्याच्या पहिल्या चारच ओळी तपासल्या होत्या; पुढचे चक्राने जुळेलच असे गृहीत धरले होते. अडत्याकडे अशी बेरीज टाकली असती तर नोकरी गेली असती. प्राध्यापकांनी चहा मागवला.

त्या दिवशी माझी चूक वीस मिनिटांत सापडली आणि मी कोण याचा कुठे संबंध आला नाही. ‘होय’ असे उत्तर असेल तर ते कुणाच्याही हातून येऊ शकते, कारण ते कुणालाही तपासता येते. पण समजा मी उलट दावा घेऊन गेलो असतो, की तीन चौरस नाहीतच आणि ही माझी सहाशे पानांची तपासणी? त्या सज्जन माणसानेही चहा पाजून परत पाठवले असते, आणि त्यात त्यांचे काही चुकले नसते. सहाशे पानांच्या नकाराला मागे नाव लागते, संस्था लागते. नाव नसलेल्यांचे कधीकधी चालते म्हणा. लॅटिन चौरसांच्याच एका जवळच्या मोजणीत, आठ घटकांच्या ‘लूप’ नावाच्या रचना किती, याचे उत्तर २००१ च्या सुमारास ‘क्यूएससीजीझेड’ एवढेच टोपणनाव लावणाऱ्या कुणीतरी काढले होते, आणि पुढच्या निबंधात मोठ्या गणितींनी त्या नावाला रीतसर श्रेय दिले. पण तिथे उत्तर एक संख्या होती आणि दुसऱ्या कुणी ती स्वतंत्रपणे काढून जुळवली होती.

तोच तो निबंध : मॅके, मेनर्ट आणि मिर्वोल्ड, २००७. त्यात दहाच्या तीन चौरसांचा तोवरचा सर्वांत मोठा शोधही आहे आणि त्याचा निष्कर्ष एका वाक्याचा आहे : असे त्रिकूट असलेच, तर त्यातल्या एकाही चौरसात कसलीही सममिती असणार नाही. म्हणजे फिरवून, अदलाबदल करून स्वतःवर येणारा एकही चौरस त्यात नाही. ज्या चक्राच्या आधाराने मी आठ वर्षे शोधत होतो, ते चक्र असेल तिथे तिसरा असूच शकत नव्हता. मी रिकाम्या खोलीत हरवलेली किल्ली शोधत बसलो होतो. आणि ही खोली रिकामी आहे हेसुद्धा मला यंत्रानेच सांगितले. ते मला हाताने तपासता येत नाही. यावर चिडावे की हसावे ते मला अजून ठरवता आलेले नाही.

दुसऱ्यांचेही फार बरे चाललेले नाही. पार्कर यांनीच शोधलेल्या दहाच्या एका चौरसात दहा घरांच्या तसल्या निवडी ५,५०४ आहेत. त्याचे जोडीदार १,२२,६५,१६८ आहेत असे मेनहॉट आणि वॅनलेस यांनी २००४ मध्ये मोजले. सव्वा कोट जोडीदार, आणि त्यांतले कुठलेही दोन एकमेकांचे जोडीदार नाहीत. पुढे ईगन आणि वॅनलेस यांना असे तीन चौरस मिळाले की पहिल्याचे इतर दोघांशी पूर्ण जुळते आणि दुसऱ्या-तिसऱ्यात शंभरांपैकी नव्वदहून अधिक जोड्या वेगळ्या निघतात. म्हणजे माझी सत्तेचाळीसची गोष्टच, पण पुष्कळ वरच्या दर्जाची.

मला स्वतःला काय वाटते असे विचाराल, तर तीन नसावेत असे वाटते. पण ‘नाही’चा भार कायम असाच राहतो असे नाही. तारींच्या सतरा जातींच्या जागी १९८४ मध्ये डग्लस स्टिन्सन यांनी सहाच्या नकाराची काही पानांची सिद्धता दिली. तिच्यात चौरसांची यादी नाही. काही शून्य-एकच्या ओळींची मोजदाद आहे आणि सम-विषमाचा विचार आहे, थोडाफार वरच्या त्या ‘बारा आणि सहा’सारखा. ती समजायला मला दोन वर्षे लागली, पण समजली. सहाला तारींपासून तिथे पोचायला ऐंशीहून जास्त वर्षे गेली. दहासाठी किती लागतील याचा अंदाज मी करणार नाही.

प्राध्यापकांनी भरलेला तक्ता मी वही नंबर नऊमध्ये चिकटवून ठेवला आहे. ४७ वर दोन खुणा आहेत, दुसरी अर्धवट. त्याच्या मागे तीन कोरे तक्ते छापून लावले आहेत : पहिला-दुसरा, पहिला-तिसरा, दुसरा-तिसरा. पुढच्या वेळी दुसरा-तिसरा आधी भरायचा.